डोळे झाकून ऐकणे : डिजिटल ध्वनीच्या प्रतवारीचा इतिहास



गाण्यावर बोलण्याचा माझा अधिकार श्रोत्याचा आहे, गायकाचा नाही. पण 'सीडी चांगली की एमपीथ्री, आणि नव्या हाय-रेझोल्यूशन फाइलींत खरेच जास्त ऐकू येते का?' हा प्रश्न आता आपल्या बैठकींतही वारंवार निघतो, आणि त्याचे उत्तर बहुधा आकड्यांत दिले जाते. दर सेकंदाला इतके नमुने, इतके किलोबिट. मोठा आकडा तो चांगला. या आकड्यांचा इतिहास पाहिला की ही श्रद्धा थोडी सैल होते. त्यातले काही आकडे कानाचा अभ्यास करून ठरले, तर काही निव्वळ सोयीने.

सोयीचे उदाहरण सीडीचे. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात सोनीचा पहिला सीडी प्लेअर आला. सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. माणसाचा कान, तोही तरुण असेल तर, सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. तेवढा पल्ला पकडायला त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने लागतात, हे गणित आधीच सिद्ध झाले होते. म्हणजे चाळीस हजारांच्या पुढचा आकडा हवा, हे शास्त्राने सांगितले. पण नेमके ४४,१००च का? त्या काळी एवढी माहिती साठवू शकणारे हाताशी असलेले यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन नमुने बसवायचे, वापरण्याजोग्या रेषा २४५, आणि असे पडदे सेकंदाला ६०. गुणाकार करून पाहा. युरोपच्या पद्धतीत रेषा २९४ आणि पडदे ५०, उत्तर तेच. आपल्या पिढीने ज्याला शुद्ध ध्वनी म्हटले, त्याचे माप टीव्हीच्या रेषांवरून आले आहे. त्यात वाईट काही नाही. माप पुरेसे होते आणि अजूनही आहे.

एमपीथ्रीची गोष्ट मात्र कानापासून सुरू होते. जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठात डीटर झाइत्सर नावाचे प्राध्यापक होते. टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवता यावे, अशी त्यांची कल्पना. पेटंटसाठी अर्ज केला, तर परीक्षकाने हे अशक्य आहे म्हणून तो फेटाळला. मग झाइत्सरांनी हे काम एका विद्यार्थ्याकडे दिले. तो कार्लहाइन्झ ब्रांडनबुर्ग. त्याचा प्रबंध १९८९ मध्ये पूर्ण झाला.

अडचण साधी होती. सीडीचा ध्वनी सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट जागा घेतो आणि नव्या डिजिटल टेलिफोनची तार त्याच्या दहाव्या भागाइतकीच वाहू शकत होती. म्हणजे नव्वद टक्के माहिती टाकून द्यायची आणि ऐकणाऱ्याला ते कळू द्यायचे नाही. येथे म्युनिकच्या एबरहार्ड झ्विकर यांच्यासारख्या श्रवणशास्त्रज्ञांचे काम उपयोगी पडले. मोठा स्वर चालू असताना त्याच्या शेजारच्या कंप्रतेचा बारीक स्वर आपल्याला ऐकू येत नाही. तो झाकला जातो. मोठ्या आवाजानंतरही काही काळ, शंभर-दीडशे मिलिसेकंद, बारीक आवाज झाकलेले राहतात. एमपीथ्री हेच करते: ध्वनीचे सुमारे तेरा मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात काय झाकले जाणार आहे याचा हिशेब मांडायचा आणि झाकला जाणारा भाग ढोबळपणे लिहायचा. ढोबळ लिहिल्यामुळे एक खर उत्पन्न होते. ती झाकणाखाली राहिली, तर काम फत्ते.

राहत नाही, तेव्हा काय होते? तबल्याचा विचार करा. शांततेत एकदम 'ना' वाजला. तुकड्याच्या मध्यावर तो आघात असेल, तर ती खर साऱ्या तुकड्यावर पसरते, म्हणजे आघाताच्या आधीही. आणि मोठा आवाज मागचे जितके झाकतो, तितके पुढचे झाकत नाही. येणाऱ्या आवाजाची सावली फक्त काही मिलिसेकंदांची. त्यामुळे चाटेवर बोट पडण्याआधीच एक पुसट फुसकारा ऐकू येतो आणि 'ना'ची धार जाते. युरोपातले अभियंते याची परीक्षा कॅस्टनेट नावाच्या लाकडी चिपळ्यांवर घेत; त्यांनी आमचा तबला घेतला असता तरी चालले असते. आघात दिसला की तुकडे तिपटीने लहान करायचे, हा उपाय त्यांनी काढला. पुरेशी जागा दिली तर तो चांगला चालतो. कमी जागेत तबला आणि तंबोऱ्याची जवारी दोन्ही पहिल्यांदा मार खातात.

ब्रांडनबुर्गची खरी परीक्षा एका बाईच्या गळ्याने घेतली. अमेरिकन गायिका सुझान व्हेगा यांचे 'टॉम्स डायनर' हे गाणे १९८७ मध्ये अल्बमवर आले. त्यात साथ नाही, केवळ आवाज. ध्वनियंत्रे पारखण्यासाठी लोक हे गाणे वापरतात, असे त्याने एका नियतकालिकात वाचले आणि आपल्या पद्धतीवर चढवून पाहिले. वाद्यवृंद, पियानो सगळे ठीक जात होते. या एकट्या आवाजाची मात्र पार रया गेली. आवाज दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये होता आणि खर दोन्ही बाजूंना पसरली होती. दिशा वेगळी असली की कान झाकलेलेसुद्धा हुडकून काढतो. मग तेच गाणे शेकडो वेळा ऐकत त्याने हिशेब दुरुस्त केला. ज्यांनी तंबोऱ्यावर एकटा षड्ज लावून बसलेला गवई ऐकला आहे, त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. गर्दीत चुका लपतात.

ही पद्धत १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली आणि १४ जुलै १९९५ रोजी फाइलीच्या नावापुढे 'एमपीथ्री' लावायचे, असे फ्राउनहोफर संस्थेत ठरले. पुढचे आपण पाहिलेच. तासभराची सीडी सुमारे ६३५ मेगाबाइट. तीच १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत ५८ मेगाबाइटच्या आत. फुटपाथवर एका तबकडीत शे-दीडशे गाणी मिळू लागली.

आता तुलनेचा प्रश्न. ती कशी करायची? ऐकणाऱ्याला कोणते स्वरूप चालू आहे हे कळता कामा नये, आणि लावणाऱ्यालाही कळता कामा नये. ही रीत माझ्या व्यवसायाला जुनी परिचित आहे. एर्लांगेनपासून वीसेक किलोमीटरवर न्यूरेंबर्ग. तेथे १८३५ मध्ये, हानेमान हयात असताना, होमिओपॅथीच्या तीस वेळा विरल केलेल्या मिठाच्या द्रावणाची अशीच परीक्षा झाली. कुपीत द्रावण की नुसते पाणी, हे ना देणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. कळवणाऱ्या पन्नासांपैकी आठ जणांना काही वेगळे जाणवले. त्यांतल्या पाच जणांना द्रावण मिळाले होते, तिघांना पाणी. निकाल आमच्या पॅथीच्या बाजूचा नव्हता, आणि तो येथे लपवण्याचे कारण नाही. ज्या गावाशेजारी ही रीत वापरली गेली, तेथेच दीडशे वर्षांनी ध्वनीची गाळणी तयार झाली, याची मला मौज वाटते.

हाय-रेझोल्यूशनवर ही परीक्षा अमेरिकेत मायर आणि मोरन यांनी घेतली, निष्कर्ष २००७ मध्ये छापला. जास्त नमुन्यांचे ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापातून काढून ऐकवले. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे २७६. नाणे उडवले असते तरी एवढीच आली असती. लंडनच्या जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. कान तयार केलेल्यांचे त्याहून बरे. म्हणजे फरक असेलही, पण केसाएवढा. शिवाय साठीनंतर वरच्या पट्टीचे ऐकणे बरेच मंदावते. माझेही मंदावले आहे. या वयात दुप्पट पैसे देऊन मिळवलेल्या कंप्रता घरातली मांजर ऐकते. आणखी एक: दोन नमुन्यांपैकी एक किंचित मोठा वाजला तरी तोच 'चांगला' वाटतो. दुकानात ही युक्ती फार चालते.

मग स्वरूपाला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण ते ऐकण्यापेक्षा जपण्यात आहे, आणि आपल्यासारख्या घरांचा संबंध तेथेच येतो. मुलखापासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत आजीच्या ओव्या, गणेशोत्सवातली कीर्तने, घरगुती बैठकी यांच्या कॅसेटी आहेत. त्या कोणत्याही कंपनीने कधी काढल्या नाहीत. दुसरी प्रत जगात नाही. एका रुग्णाच्या घरच्यांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोठ्या हौसेने पेनड्राइव्हवर आणून मला ऐकवल्या. भरून देणाऱ्याने ६४ किलोबिटची एमपीथ्री केली होती आणि वर 'साफ' करायला म्हणून खरखर काढली होती. जात्याची घरघर त्याच्या यंत्राला खरखरच वाटली. ओव्या राहिल्या, जाते गेले. आणि कॅसेटी रद्दीत गेल्या होत्या.

एमपीथ्री एकदा जे टाकते ते परत येत नाही. तिचीच पुन्हा दुसऱ्या स्वरूपात प्रत काढली की पुन्हा गाळणी, पुन्हा खर. फोनवरून फोनवर गेलेले गाणे असेच झिजते. फ्लॅक हे २००१ मध्ये पूर्णत्वाला आलेले स्वरूप काहीच टाकत नाही. घडी घालावी तशी माहिती दुमडते, जागा साधारण निम्मी-साठ टक्के लागते आणि उलगडल्यावर प्रत्येक बिट जागेवर असतो. ते कोणाच्या मालकीचे नाही, त्याचे नियम कोणालाही वाचता येतात. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर गेली. ती डिजिटल नव्हे, खाचांची तबकडी आहे, आणि ती कशी व किती वेगाने वाजवायची हे वेष्टणावर चित्रांनी कोरले आहे. स्वरूप टिकायचे, तर वाचण्याची किल्ली बरोबर हवी, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

तेव्हा कॅसेट भरायला द्याल तेव्हा मूळ प्रत फ्लॅक किंवा वेव्हमध्ये मागा, आणि कोणतीही सफाई न करता. ऐकायला, नातवंडांना पाठवायला त्यावरून १९२ किंवा २५६ किलोबिटची एमपीथ्री खुशाल काढा. डोळे झाकून ऐकलीत तर बहुतेकांना फरक सांगता येणार नाही. आवरणावर कोण गाते आहे, कोणत्या घरात, कोणत्या साली, हे आठवणारे माणूस आहे तोवर लिहून घ्या. आणि भरून झाल्यावर कॅसेट परत मागून घ्या.