चकतीभोवतीचे वर्तुळ

रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९६३ सालची. रोगजंतूंवर कोणते औषध चालेल हे ठरविण्याची जी रीत पुढे जगभर रूढ झाली, तीही त्याच सुमारास आकार घेत होती.

जंतू ओळखण्याची विद्या मात्र त्याहून पुष्कळ जुनी. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू जिलेटिनवर वाढवीत. पण उष्मा वाढला की ते वितळे. तेथील एका संशोधकाची पत्नी, फॅनी हेसे, हिने स्वयंपाकघरातला अगार सुचविला. आपल्याकडे चायना ग्रास म्हणतात, तोच हा पदार्थ. रायपूरच्या वैशाखातही प्रयोगशाळेतली थाळी घट्ट राहते, याचे श्रेय त्या गृहिणीचे! पुढे १८८४ साली हान्स ग्राम यांनी जंतूंना रंग देण्याची युक्ती काढली. जांभळा रंग धरून ठेवणारे आणि सोडून देणारे असे त्यांचे दोन वर्ग पडले.

परंतु नाव कळले म्हणजे रोगी वाचला, असे नव्हते. मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला, तेव्हा त्याचा जंतू सापडून दोन वर्षे झाली होती. हाफकिन यांची १८९७ ची लस प्रतिबंधक होती. अंथरुणाला खिळलेल्यास देण्याजोगे औषध कोणापाशीही नव्हते.

ते दिवस पेनिसिलिनने पालटले. पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून ते तयार होऊ लागले. तथापि अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, हा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता.

म्हणूनच सिएटलच्या बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली मांडलेली पद्धत मोलाची ठरली. थाळीवर जंतू पसरून औषधांत भिजविलेल्या कागदी चकत्या ठेवावयाच्या. सकाळी भोवतालचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजावयाचे. मोठे वर्तुळ म्हणजे चांगले औषध, असा समज भाबडा आहे. प्रत्येक औषधाचे मोजमाप निराळे असते.

जंतू वाढविण्यास एक दिवस, वर्तुळे उमटण्यास दुसरा. यंत्रांनी हा काळ आता काहीसा घटला आहे. पण अत्यवस्थ रोग्यासाठी तेवढेही थांबता येत नाही. अशा वेळी रक्ताचा नमुना पहिल्या इंजेक्शनापूर्वीच घ्यावा लागतो. दूरच्या खेड्यातून रायपूरला पोहोचलेला रोगी वाटेत अनेकदा दोनचार गोळ्या घेऊन आलेला असतो. मग थाळी कोरीच राहण्याचा संभव, आणि रोग हटला की जंतू नुसता दबला, हे कोरी थाळी सांगत नाही.