सुरतेची खाडी, भूमध्य समुद्र आणि कोळंबीभात

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. त्यापुढे चौथाईचे हिशेब, गायकवाडांचा अंमल, इंग्रजांच्या वखारी आठवतात. या शहरात पिढ्यान् पिढ्या वस्ती करून राहिलेल्या मराठी घरांत चुलीवर काय शिजत होते, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या पानांवर सहसा येत नाही. तो येथे उपस्थित करण्यास एक ताजे निमित्त आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील मुली, सुना आणि मुलगेही रात्रीच्या जेवणासाठी ‘मेडिटेरेनियन’ नावाचा एक प्रकार करू लागले आहेत. पसरट भांड्यात ऑलिव्हचे तेल, त्यात लसूण, कांदा, टोमॅटो आणि सिमला मिरची, वर तांदूळ व कोळंबी, शेवटी लिंबू. पाऊण तासाच्या आत एकाच भांड्यात जेवण तयार होते आणि ते हृदयाला हितकर असल्याचे सांगितले जाते. घरातील वडीलधारी मंडळी त्याकडे थोड्या कौतुकाने आणि थोड्या संशयाने पाहतात. आमचे म्हणणे असे की, हा पाहुणा आपल्या ओळखीचा आहे. भूमध्य समुद्र आणि खंबायतचे आखात यांच्यातील देवघेव दोन हजार वर्षांची आहे, आणि त्या पदार्थाचे एक सख्खे भावंड आपल्याच घरांत होते व काही घरांत अजून आहे. त्याला आपण कोळंबीभात म्हणतो.

प्रथम तांदळाचा प्रवास पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात बारिगाझा, म्हणजे आपले भरूच, हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर म्हणून येते. या प्रदेशातून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालाच्या यादीत गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि उसापासून काढलेली साखर यांचा उल्लेख आहे. उलट दिशेने भरुचेस उतरणाऱ्या मालात मद्य आहे आणि त्यातही इटलीच्या मद्याला अधिक पसंती असल्याचे लेखक नोंदवतो. सुरतेजवळच्या त्या धक्क्यावर भूमध्य समुद्राची चव रोमन काळातच उतरली होती आणि येथील तांदूळ व तेल पश्चिमेकडे निघाले होते.

पुढे अरबांनी तांदळाची शेती स्पेनपर्यंत नेली. अरबी ‘अर्-रुझ्झ’चे स्पॅनिशमध्ये ‘अर्रोझ’ झाले. फारसी ‘पुलाव’ तुर्कस्थानात ‘पिलाव’ झाला, ग्रीसमध्ये ‘पिलाफी’ झाला आणि आपल्याकडे पुलावच राहिला. स्पेनमधील वॅलेन्सियाच्या ‘पाएल्या’चे नाव मात्र या कुळातले नाही. ते पसरट भांड्याच्या लॅटिन नावावरून आले. मूळचा पाएल्या शेतावरचा होता. त्यात कोंबडी, ससा आणि शेंगा पडत. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यात कोळंबी व शिंपले घातले ते नंतर. भांड्याच्या तळाशी धरलेली खरवड तेथेही आवडीने खाल्ली जाते, हे वाचून आपल्याकडील कित्येक आजी-आजोबांना समाधान वाटेल.

आता सुरतेकडे वळू. चौक बाजारातील ज्या किल्ल्याचे जतन करून महानगरपालिकेने संग्रहालय उभारले आहे, तो बांधणारा खुदावंदखान, म्हणजे ख्वाजा सफर, हा भूमध्य समुद्राच्या काठचाच मनुष्य होता. कोणी त्याला दक्षिण इटलीचा म्हणतात, कोणी अल्बानियन. तुर्कांच्या चाकरीतून तो गुजरातच्या सुलतानाकडे आला. पोर्तुगीजांनी १५३० मध्ये सुरत जाळली होती. तसा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून १५४० च्या दशकात त्याने हा किल्ला उभारला आणि १५४६ मध्ये दीवच्या वेढ्यात तो मारला गेला. पुढील दोन शतकांत तुर्की, अरबी, इराणी, आर्मेनियन व्यापाऱ्यांची घरे या शहरात नांदली. अठराव्या शतकात चलेबी हे तुर्की वंशाचे घराणे येथील मोठ्या जहाजमालकांत गणले जाई.

या मिश्र वस्तीत काय शिजत होते याचे एक चांगले वर्णन जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने करून ठेवले आहे. १६८९ मध्ये तो इंग्लंडहून निघाला आणि त्याचे सुरतेवरील पुस्तक १६९६ मध्ये छापले गेले. इंग्रजांच्या वखारीत एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदी असे तीन स्वयंपाकी ठेवलेले असत, असे तो सांगतो. दाणा दाणा सुटा राहील असा मसाल्याचा पुलाव, बेदाणे व बदाम भरून दमावर शिजवलेली कोंबडी, आणि तेल-लसणात बुडवून सळईवर भाजलेले कबाब यांचे तो कौतुकाने वर्णन करतो. तेल, लसूण आणि सुटा भात ही तिन्ही सुरतेच्या एकाच भोजनगृहात सव्वातीनशे वर्षांपूर्वी होती. आज आपण ज्याला नवी चव म्हणतो तिची ही जुनी नोंद आहे.

मराठी माणसे येथे निरनिराळ्या वाटांनी आली. १७१९ च्या सुमारास पिलाजीराव गायकवाडांनी सुरतेच्या पूर्वेस सोनगड घेतला. नवसारी प्रांत १९४९ पर्यंत बडोदे राज्यात होता. त्या राज्याच्या कारभारात देशस्थ-कोकणस्थांबरोबर प्रभू कुटुंबेही होती. बडोद्याचे दिवाण रावजी आपाजी हे प्रभूच होते. १८६४ मध्ये मुंबई आणि सुरत रेल्वेने जोडली गेली आणि कचेऱ्या, शाळा, रेल्वे व गिरण्यांच्या निमित्ताने आणखी कुटुंबे आली. यांतील पुष्कळ घरे शाकाहारी होती. परंतु चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पाठारे प्रभू, सारस्वत, भंडारी, मराठे आणि कोळी या किनाऱ्याच्या मंडळींनी आपला भात-मासा बरोबर आणला. येथे तो अनोळखी नव्हता. दुमस, हजिरा, मगदल्ला येथील मच्छीमार, पारशी आणि सुन्नी वोहरा ही सुरतेची जुनी मासेखाऊ मंडळी. आपल्या बोंबलाला त्यांनी बूमला म्हटले, कोळंबीला झिंगा म्हटले, एवढाच फरक.

कोळंबीभात हा त्या किनारी स्वयंपाकातील घाईचा आणि तरीही मानाचा पदार्थ. प्रभू घरांत त्याचे आणखी एक रूप म्हणजे सोडेभात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागत, ताजी मासळी बंद होई, आणि उन्हात वाळवून ठेवलेले सोडे उपयोगी पडत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा होड्या लोटेपर्यंत हा बेगमीचा डबा घर चालवी. अचानक पाहुणा आला तरी अर्ध्या-पाऊण तासात पान वाढता येई. ‘झटपट जेवण’ ही कल्पना एकविसाव्या शतकाने शोधलेली नाही.

चार माणसांच्या कोळंबीभाताचे प्रमाण येथे देतो. तांदूळ सुरती कोलम असावा, कारण त्याचा बारीक दाणा लवकर शिजतो आणि रस शोषून घेतो. दोन वाट्या तांदूळ धुऊन निथळत ठेवावेत. अर्धा किलो कोळंबी सोलून, पाठीवरचा काळा दोरा काढून, मीठ, हळद आणि लिंबाचा रस लावून ठेवावी. सोललेली टरफले टाकून न देता साडेचार वाट्या पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळून घ्यावीत. भाताची निम्मी चव त्या पाण्यात असते. पसरट पातेल्यात तीन मोठे चमचे तेल तापवून कोळंबी दोनच मिनिटे परतून बाजूला काढावी. त्याच तेलात ठेचलेल्या लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, एक कांदा, दोन टोमॅटो आणि एक सिमला मिरची परतावी. आपल्या पद्धतीने करावयाचे असल्यास हिरवी मिरची, आले आणि चिमूटभर गरम मसाला घालावा. भूमध्य पद्धतीने करावयाचे असल्यास मिरपूड आणि केशराच्या चार काड्या पुरेत. तांदूळ घालून परतावेत, गाळलेले पाणी चार वाट्या भरून उकळते ओतावे, मीठ घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर शिजू द्यावे. भात होत आला की कोळंबी वर पसरून तीन-चार मिनिटे वाफ द्यावी. ती आधीपासून शिजवली तर वातड होते. कोथिंबीर आणि लिंबू वरून. दोन्ही पद्धतींतील अंतर किती थोडे आहे हे करून पाहणाऱ्याला कळेल.

यातील टोमॅटो, सिमला मिरची आणि हिरवी मिरची अमेरिका खंडातून आली. कोलंबसापूर्वी ती इटलीने पाहिली नव्हती आणि सुरतेनेही. भुईमूगही तिकडचाच. तेव्हा ‘अस्सल’ या शब्दावर कोणी फार हक्क सांगू नये, ना त्यांनी ना आपण.

आरोग्याच्या दाव्याबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या सात देशांच्या पाहणीत ग्रीसच्या क्रीट बेटावरील लोकांत हृदयविकार अत्यंत कमी आढळला आणि तेथून या आहाराची कीर्ती वाढली. स्पेनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यपद्धतीतील दोषांमुळे ते मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापावे लागले, तरी ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा यांसह घेतलेल्या अशा आहाराने हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण घटते हा मुख्य निष्कर्ष कायम राहिला. २०१० मध्ये युनेस्कोने या आहारपद्धतीला सांस्कृतिक वारशात स्थान दिले. तो वारसा केवळ एका तेलाच्या बाटलीचा नाही. भरपूर भाज्या, कडधान्ये, फळे, मासे, बेताचे मांस आणि एकत्र बसून सावकाश जेवणे असा तो आहे. तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या तेलातही असंपृक्त स्निग्धांश भरपूर असतात. म्हणून महाग तेल आणले आणि ताटात पांढऱ्या भाताचा डोंगर रचला, तर नाव भूमध्य आणि काम जुनेच. कोळंबीभाताबरोबर काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि एखादी उसळ असावी, भात बेताचा असावा. मधुमेह असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

या विषयावर लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो; पण त्या जेवणात उंधियू, घारी आणि लोचो यांनाच जागा मिळते. बंदरामुळे मोठ्या झालेल्या शहराच्या स्वयंपाकाच्या गोष्टीत मासा नाही. आपल्या कित्येक घरांत मासा शिजतो तो खिडक्या लावून, शेजाऱ्यांना वास जाऊ नये या बेताने. शेजारधर्म पाळण्यात कमीपणा नाही, आणि ज्यांनी मांसाहार वर्ज्य केला त्यांच्या श्रद्धेचा आदर असावाच. परंतु लपवता लपवता आपणच तो पदार्थ विसरू लागलो. आणि गंमत अशी की, तोच पदार्थ परके नाव लावून आला तेव्हा पाहुण्यांसमोर ठेवण्यास कोणाला संकोच वाटला नाही.

दरम्यान खाडीही बदलली आहे. १९७२ मध्ये उकाईचे धरण झाले. पूरनियंत्रण आणि सिंचन यांचे त्याचे उपकार मोठे आहेत; पण समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालण्यास चढणाऱ्या भिंगासारख्या माशाच्या वाटा तापीत आता मोकळ्या नाहीत. ओलपाड-चोर्यासीच्या खारजमिनींवर कोळंबीची तळी पसरली. २००९ पासून देशात परवानगी मिळालेली वन्नामेई ही त्यांतील कोळंबी मूळची प्रशांत महासागराची. आजीच्या हाताला ज्या कोळंबीची सवय होती तिच्याहून ही वेगळी, म्हणून शिजवण्याचा वेळ आणि मिठाचे माप आपल्या हाताने पुन्हा बसवावे लागते.

लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० मध्ये ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले म्हणून पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघराचा काही भाग आज आपल्याला वाचता येतो. सुरतेच्या मराठी घरांसाठी असे पुस्तक झालेले नाही. आपल्याकडे आहेत त्या जुन्या वह्या, हिशेबाच्या पानांमागे लिहिलेली प्रमाणे आणि ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या काही स्त्रियांची स्मरणशक्ती. या तिन्हींचे आयुष्य मर्यादित आहे. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी तिची एक प्रत काढून ठेवावी. ज्यांच्या घरी वही नाही पण सांगणारे माणूस आहे, त्यांनी त्याच्याशेजारी बसून वाटी-चमच्याच्या मापाने, मासळीच्या जुन्या नावांसह लिहून घ्यावे. गुजराती आणि मराठी शब्द जसे मिसळून येतील तसेच राहू द्यावेत, कारण ती मिसळणच या शहरातील आपल्या वस्तीचा पुरावा आहे.

नव्या पिढीने ऑलिव्हचे तेल खुशाल वापरावे. फक्त पातेले चुलीवरून उतरवताना घरच्यांना एवढे सांगावे की, याला आपल्याकडे कोळंबीभात म्हणतात आणि तो या शहरात बराच जुना आहे.