रस्टचा अपडेट आला की मॉड का बंद पडतात?

रस्ट हा ब्रिटनमधल्या फेसपंच स्टुडिओजचा ऑनलाइन सर्व्हायव्हल गेम आहे. खेळाडू दगड आणि मशाल घेऊन बेटावर उतरतो, लाकूड-दगड गोळा करतो, घर बांधतो आणि ते इतरांपासून राखतो. डिसेंबर २०१३ मध्ये गेम अर्धवट अवस्थेतच विक्रीला आला आणि ८ फेब्रुवारी २०१८ रोजी तो पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पूर्ण म्हणायचं एवढंच, कारण दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मोठा अपडेट येतोच. ब्रिटनमध्ये तेव्हा संध्याकाळचे सात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात.

या अपडेटबरोबर सगळ्या सर्व्हरवरचा नकाशा पुसला जातो. याला वाइप म्हणतात. महिनाभर बांधलेलं घर जातं. शिकलेल्या ब्लूप्रिंट ठेवायच्या की नाही, हे मात्र सर्व्हरचालक ठरवतो.

रस्टचे बहुतेक मॉड सर्व्हरवर चालतात, त्यामुळे खेळाडूला वेगळं काही उतरवावं लागत नाही. ऑक्साइड हे त्यासाठीचं जुनं साधन. ते गेमच्याच फाइलींमध्ये 'हुक' बसवतं: खेळाडू आला, झाड तोडलं, दार उघडलं, की प्लगइनला वर्दी जाते. सी शार्प भाषेतलं प्लगइन मग आपलं काम करतं.

खरी अडचण इथेच आहे. अपडेट या फाइलींवर नव्या फाइली लिहितो आणि हुक पुसले जातात. सर्व्हर सुरू होतो, पण मॉडशिवाय. म्हणून क्रम असा ठेवावा: सर्व्हर बंद करा, प्लगइन, त्यांच्या सेटिंग आणि डेटा यांची प्रत दुसरीकडे ठेवा, गेम अपडेट करा, मग ऑक्साइडची त्या अपडेटसाठीची आवृत्ती टाका. ती अजून आली नसेल तर थांबा. जुनी टाकली तर सर्व्हर सुरूच न होण्याची शक्यता असते. त्यानंतरही काही प्लगइन अडतात, कारण ज्या फंक्शनवर ती विसंबून होती त्याचं नाव किंवा रूप गेममध्ये बदललेलं असतं. अशा वेळी लॉग वाचावा; त्यात प्लगइनचं नाव आणि बहुतेक वेळा ओळीचा क्रमांकही मिळतो. कार्बन हे नवं साधन ऑक्साइडची बरीच प्लगइन चालवतं, पण अपडेट त्यालाही चुकत नाही.

आता खेळाडूची बाजू. गेम आणि सर्व्हर यांची आवृत्ती जुळली नाही तर आत शिरताच येत नाही. पुण्यात फायबर असेल तर चहा होईपर्यंत काम उरकतं. मुठा खोऱ्यात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करणाऱ्याचा मात्र दिवसाचा डेटा त्यातच संपू शकतो. स्टीममध्ये अपडेटची वेळ ठरवता येते. शिवाय २०२३ पासून एका संगणकावर उतरवलेला गेम त्याच वायफायवरच्या दुसऱ्या संगणकाला देता येतो. गावात तिघं-चौघं खेळत असतील तर एकानेच डाउनलोड करावं आणि बाकीच्यांनी संगणक घेऊन त्याच्या घरी जावं. डिस्कवर मात्र मोकळी जागा ठेवा. अपडेट लहान दिसला तरी मोठ्या फाइली पुन्हा लिहिताना स्टीमला बरीच जास्त जागा लागते.