साध्या प्रिंटरचा दुभाषा

बँकेच्या पासबुकात नोंदी उमटविताना कर्र-कर्र असा आवाज करणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची रचना अगदी साधी. एकाखाली एक बसविलेल्या बारीक सुया शाईच्या फितीवर आपटतात आणि कागदावर ठिपके उठतात. जपानच्या एप्सन कंपनीने १९८० साली बाजारात आणलेल्या एमएक्स-८० या यंत्रात अशा नऊ सुया होत्या. संगणक या यंत्राला अक्षराचा केवळ क्रमांक कळवी. त्या क्रमांकाचे ठिपके कसे मांडावयाचे हे यंत्राच्या पोटातच नोंदलेले असे. ही व्यवस्था सोयीची खरी, पण तिच्यात एक उणीव होती. जे अक्षर यंत्राच्या पोटात नाही, ते अशा रीतीने कागदावर येणे शक्य नव्हते.

याच सुमारास अमेरिकेत छपाईचा निराळाच विचार चालू होता. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रातून बाहेर पडून जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अडोबी ही संस्था स्थापिली. दोन वर्षांनी त्यांनी ‘पोस्टस्क्रिप्ट’ नावाची भाषा पुढे आणली. पोस्टस्क्रिप्ट म्हणजे आपल्या पत्रातील ‘ताजा कलम’. ही भाषा पानाचे वर्णन करते: येथून रेघ ओढ, येथे कमान काढ, हे अक्षर एवढ्या आकाराचे व इतके कलते लिही. ठिपके किती व कोठे, याचा हिशेब पान करीत नाही. तो छापणाऱ्याने करावयाचा.

हा हिशेब करण्यास दुभाषा हवा. १९८५ साली ॲपल कंपनीचा लेझररायटर निघाला, त्यात तो दुभाषा प्रिंटरच्या आतच बसविलेला होता. त्याच्यासाठी इतकी सामग्री लागली, की प्रिंटरमधील प्रोसेसर त्याच कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकातील प्रोसेसरहून वेगवान होता. हुकूम देणाऱ्यापेक्षा हुकूम पाळणारा अधिक हुशार, असा तो प्रकार! किंमतही तशीच होती, ६,९९५ डॉलर. सुंदर पान छापणे हे अशा रीतीने संपन्न कचेऱ्यांचे काम होऊन बसले.

परंतु अडोबीने एक गोष्ट उदारपणे केली होती. भाषेचे संपूर्ण व्याकरण १९८५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले होते. दुभाषा विकत घ्यावा लागे. भाषा मात्र कोणीही शिकावी. एल. पीटर डॉइच यांनी ती शिकून घेतली. तेही पूर्वी झेरॉक्सच्या त्याच संशोधनकेंद्रात काम केलेले. १९८६ साली त्यांनी स्वतःचा दुभाषा लिहावयास घेतला आणि ऑगस्ट १९८८ मध्ये तो ‘घोस्टस्क्रिप्ट’ या नावाने प्रसिद्ध केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू या मुक्त प्रणालीच्या प्रकल्पासाठी तो होता. कोणीही वापरावा, तपासावा, सुधारावा, अशी त्याची अट होती.

घोस्टस्क्रिप्टची युक्ती समजण्यास सोपी आहे. दुभाषा प्रिंटरमधून उचलून संगणकात बसविला. तो पान वाचतो, त्याचे ठिपक्यांचे चित्र तयार करतो आणि प्रिंटरला केवळ ठिपकेच पाठवितो. प्रिंटरने सुया आपटाव्यात, अधिक काही समजून घेण्याची गरज नाही.

मात्र अडचणी बारीकसारीक नव्हत्या. चोवीस सुयांचा प्रिंटर एका इंचात आडवे ३६० व उभे १८० ठिपके उठवू शकतो. म्हणजे आठ इंच रुंद व दहा इंच उंच मजकुराचे ५१,८४,००० ठिपके झाले. आठ ठिपक्यांस एक बाइट या मानाने ६,४८,००० बाइट. त्या काळच्या सामान्य संगणकात कार्यक्रमांस मिळणारी स्मृती ६४० किलोबाइट, म्हणजे सुमारे साडेसहा लाख बाइट. एकटे चित्रच सारी जागा व्यापून टाकणार! तेव्हा पानाचे आडवे पट्टे पाडून एकेक पट्टा रंगवावा व पाठवावा, असा मार्ग काढण्यात आला. नऊ सुयांच्या यंत्रात दोन सुयांमधील अंतर इंचाचा बहात्तरावा भाग. तेथे कागद त्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाइतका सरकवून त्याच पट्ट्यावरून तीन फेऱ्या मारीत, आणि मधल्या मोकळ्या जागा भरून काढीत. एका पानाला वेळ फार लागे, आवाज असह्य होई, फीतही लवकर फिकी पडे. लेझरची सफाई तर येणारच नव्हती. तथापि जे पान मुळीच छापता येत नव्हते, ते छापता येऊ लागले.

फुकट दिलेल्या वस्तूलाही कष्ट लागतात, हे येथे विसरता कामा नये. कामाचा खर्च चालावा म्हणून डॉइच यांनी पुढे नव्या आवृत्त्यांच्या व्यापारी वितरणावर बंधन घातले आणि प्रिंटर बनविणाऱ्यांना परवाने विकले; मुक्त आवृत्ती मागाहून निघे. हे अंतर २००६ साली मिटले. हॅम्बर्गच्या यूआरडब्ल्यू या संस्थेने १९९६ साली पस्तीस प्रमाण टंक मुक्त केले, तेव्हा अक्षरांची उणीवही भरून निघाली.

या कथेशी मराठी वाचकाचे नाते आहे ते अक्षरांमुळेच. हॉलंडातील ग्रोनिंगेनच्या फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ साली टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी देवनागरी टंक सिद्ध केला. त्या प्रणालीतून पोस्टस्क्रिप्टचे पान काढावे, ते घोस्टस्क्रिप्टला द्यावे. मग ज्या यंत्राच्या पोटात नागरीचे एकही अक्षर नाही, तेच जोडाक्षरे आणि वेलांट्या उमटवू लागते. इ.स. १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, ते रोमन लिपीत; कारण नागरीचे खिळे तेथे नव्हते. खिळा नाही तर अक्षर नाही, हा छापखान्याचा जुना नियम होता. नऊ सुयांच्या साध्या यंत्रालाही तो लागू उरला नाही, एवढे काम या दुभाष्याने केले.