खिशांतला चाकू
खिशांत बाळगावयाचा चाकू घेतांना आम्ही धारेआधीं त्याचें वजन पाहतों. आणि या संवयीस इतिहासाचा आधार आहे. स्विस सैन्यानें १८९१ सालीं शिपायांस घडीचा चाकू दिला. त्यांत पातें, आरी, डबा फोडण्याचें हत्यार व पेंचकस होता. नव्या बंदुकीचे भाग सोडविण्यास पेंचकस अवश्य लागे. चाकू मजबूत खरा, पण जड. इबाख येथील कार्ल एल्सेनर या कारागिरानें १८९७ सालीं दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारें बसवून हलका चाकू काढला. त्यांत लहानसें दुसरें पातें आणि बुचें काढण्याचें मळसूत्रही होतें. (रणांगणावर बुचें कसलीं, तें अधिकारीच जाणोत!) सरकारनें हा चाकू सैन्यास दिला नाहीं; अधिकाऱ्यांनीं मात्र तो पदरचे पैसे मोडून घेतला.