साहेबांची शाळा

कारखान्यातले काम सुधारायचे तर शिकवायचे कोणाला? बरीच वर्षे याचे उत्तर ठरलेले होते: हाताखालच्यांना. आपण १९४० सालच्या अमेरिकेपासून सुरुवात करू. युद्धाच्या तयारीसाठी तिथे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही सरकारी योजना निघाली. तिच्या ‘जॉब मेथड्स’ वर्गात सुपरवायझर दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत कामाची फोड करायला, प्रत्येक बारकाव्याला ‘हे का?’ असे विचारायला शिकत. त्यांना मिळणाऱ्या खिशातल्या कार्डावर चौथ्या पायरीत सांगितले होते, की नवी पद्धत साहेबांच्या गळी उतरवा. मग साहेबांनी काय करायचे, याबद्दल कार्ड गप्प होते.

१९४२ साली स्टॅनफर्डमध्ये संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या पुढाकाराने संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचे वर्ग सुरू झाले. इंजिनिअर आणि इन्स्पेक्टर ते शिकले; युद्ध संपले आणि बहुतेक ठिकाणचे आलेख भिंतीवरून उतरले. वरच्यांना विषय कळला नाही म्हणून तो टिकला नाही, असा डेमिंग यांचा निष्कर्ष. म्हणूनच १९५० साली जपानला गेल्यावर इंजिनिअरांचे वर्ग त्यांना पुरेसे वाटले नाहीत. त्यांना कंपन्यांचे अध्यक्ष समोर हवे होते. निमंत्रक संघटनेचे प्रमुख इचिरो इशिकावा हे उद्योगपतींच्या महासंघाचेही अध्यक्ष. त्यांचा शब्द मोडणार कोण? १३ जुलैला अध्यक्षमंडळी जमली, ऑगस्टमध्ये हाकोनेला त्यांचा वर्गही भरला. माझ्या मते या कथेचे खरे वळण हेच. १९५४ साली गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी जपानमध्येच वरिष्ठ आणि मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांना सुधारणेची जबाबदारी शिकवली.

अमेरिकेत हे लोण उशिरा परतले. ऐंशीच्या दशकाअखेरीस जनरल इलेक्ट्रिकमध्ये ‘वर्कआउट’ सुरू झाले. कर्मचारी आपापसांत चर्चा करत तेव्हा साहेब बाहेर. शेवटी त्यांना आत बोलावून प्रत्येक सूचनेवर सर्वांदेखत ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला लावत. अधिक माहिती हवी असेल तर तारीख द्यायची! १९८६ साली मोटोरोलात जन्मलेली ‘सिक्स सिग्मा’ ही सुधारणेची पद्धत १९९५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी आपल्या कंपनीत आणली. ज्युदो-कराटेतल्या पट्ट्यांची नावे प्रकल्प करणाऱ्यांना मिळाली. प्रकल्प निवडणारा, माणसे मोकळी करणारा, दुसऱ्या खात्याने अडवले तर फोन फिरवणारा वरिष्ठ ‘चॅम्पियन’ झाला, आणि त्याचेही प्रशिक्षण सुरू झाले. वेल्च यांनी बोनसचा ४० टक्के हिस्सा या कामाशी जोडला, तेव्हा वर्गातली हजेरी आपोआप सुधारली असणार.

आपल्याकडे महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ साली डेमिंग यांच्याच नावाचे पारितोषिक मिळाले. त्याच्या तपासणीत परीक्षक वरिष्ठांनाही समोर बसवून प्रश्न विचारतात. तिथे उत्तर द्यायला सुपरवायझरला पुढे करता येत नाही.