टर्बोचे श्रेय डिझेलला

ट्यून केलेली डिझेल गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीला पिकअपमध्ये सहज मागे टाकते, हा समज २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे पक्का रुजला. तो निराधार नव्हता. घाटात भरलेली डिझेल गाडी एकाही गिअरने खाली न येता चढे आणि तिच्याबरोबरची पेट्रोल गाडी दोन गिअर उतरून धापा टाके, हे लाखो लोकांनी रोज पाहिले होते. पण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे कारणही डोळ्यांना दिसतेच असे नाही. डिझेल आणि पेट्रोल यांच्यातील शक्तीच्या शर्यतीला जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो क्रमाने वाचला तर एक निष्कर्ष टाळता येत नाही. डिझेलचा म्हणून जो विजय आपण मानला, तो मुख्यतः टर्बोचार्जरचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा, विजय होता. तुलना सारख्या अटींवर झाली तेव्हा शक्तीत पेट्रोल पुढेच राहिले. डिझेलचे खरे मोठेपण वेगळ्या ठिकाणी होते आणि चुकीच्या कौतुकात तेच झाकले गेले.

मुळात इंजिनाची शक्ती इंधनावर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक हवेवर असते. एक भाग पेट्रोल पूर्ण जाळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. सिलिंडरमध्ये मावणारी हवा ठरलेली, म्हणून इंधनही ठरलेले. जास्त हवा कोंबायची तर ठिणगी पडण्याआधी किंवा पडल्यावर मिश्रण भलत्या ठिकाणी आपोआप पेटते आणि इंजिन नॉक करू लागते. डिझेल इंजिनात हा धोका नाही, कारण तिथे आधी फक्त हवा दाबली जाते आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत नंतर इंधन फवारले जाते. म्हणून डिझेल इंजिनात नॉकिंगच्या भीतीशिवाय जास्त हवा दाबून भरता येते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. फवारलेले इंधन हवेत मिसळायला वेळ लागतो, त्यामुळे मोटारीतले डिझेल इंजिन मिनिटाला साडेचार-पाच हजार फेऱ्यांच्या पुढे फारसे जात नाही आणि सगळी हवा वापरताही येत नाही. थोडी शिल्लक ठेवावी लागते, नाहीतर काळा धूर येतो. पेट्रोल इंजिन सहा-सात हजार फेऱ्या सहज घेते. शक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फेऱ्या. म्हणजे टर्बोविना डिझेल मंद असणार आणि टर्बोचा त्याला सर्वाधिक फायदा होणार, हे दोन्ही त्याच्या रचनेतच लिहिलेले आहे.

याचा पहिला जाहीर पुरावा अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत मिळतो. १९३१ साली कमिन्स कंपनीची डिझेल गाडी तिथे उतरली. ती तेरावी आली. पण संपूर्ण शर्यत तिने इंधनासाठी एकदाही न थांबता पूर्ण केली. टर्बोविना डिझेल काय करू शकते आणि काय नाही, याचे इतके स्वच्छ उत्तर पुन्हा क्वचितच मिळाले असेल: वेग बेताचा, काटकसर विलक्षण. एकवीस वर्षांनी, १९५२ मध्ये, कमिन्स पुन्हा आली ती टर्बोचार्जर लावून. त्या शर्यतीत टर्बो लावलेली ही पहिलीच गाडी. फ्रेड अगाबाशियन याने तिच्यातून ताशी १३८ मैलांचा वेग गाठून आरंभरेषेवरचा पहिला क्रमांक पटकावला. प्रत्यक्ष शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर गाडी थांबली, कारण ट्रॅकवरच्या टायरच्या रबराचा चुरा टर्बोच्या हवेच्या तोंडाशी साचून ते तुंबले होते. ज्या यंत्राने तिला पुढे आणले, त्याचा श्वास कोंडल्यावर ती हरली. आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. नियमांनी पेट्रोल गाड्यांना साडेचार लिटरचे, आणि सुपरचार्जर असेल तर फक्त तीन लिटरचे इंजिन दिले होते. डिझेलला ६.६ लिटरची मुभा होती. नियमांची ही सवलत पुढे अर्ध्या शतकाने पुन्हा दिसते.

रस्त्यावरच्या गाड्यांत हे अंतर किती होते, ते फोक्सवॅगनच्या गोल्फने एकाच वर्षी दाखवले. १९७६ मध्ये ही गाडी दोन नव्या रूपांत आली. जीटीआयच्या १.६ लिटर पेट्रोल इंजिनाची शक्ती ११० अश्वशक्ती, तर १.५ लिटर डिझेलची फक्त ५०. दोन्ही टर्बोविना. एका लिटरमागे हिशेब केला तर पेट्रोल दुप्पट बलवान ठरते. डिझेलला टर्बो मिळाल्यावर काय होते, हे मर्सिडीजच्या सी-१११ या प्रायोगिक गाडीने सिद्ध केले. कंपनीच्या घरगुती मोटारीतले तीन लिटर डिझेल इंजिन ८० अश्वशक्तीचे होते. त्याच जातीच्या इंजिनाला टर्बो आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर जोडून १९७८ मध्ये इटलीतल्या नार्दो इथल्या वर्तुळाकार ट्रॅकवर २३० अश्वशक्ती काढली गेली आणि गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे धावली. हे डिझेलचे यश म्हणून जगभर गाजले. पण पुढच्याच वर्षी, त्याच कंपनीने, त्याच ट्रॅकवर ४.८ लिटरचे पेट्रोल इंजिन दोन टर्बो लावून आणले. शक्ती ५०० अश्वशक्ती, वेग ताशी ४०३.९७८ किलोमीटर. लिटरमागे डिझेलची ७७ आणि पेट्रोलची १०४. दोघांनाही टर्बो मिळाल्यावर अंतर कमी झाले, पण ते उलटले नाही.

मग पुढच्या पंचवीस वर्षांत डिझेल वरचढ का वाटू लागले? कारण दोघांना टर्बो सारख्या वेगाने मिळाला नाही. टर्बो लावलेल्या पेट्रोल गाड्या तापट, खर्चिक आणि इंधन पिणाऱ्या म्हणून बहुतेक कंपन्यांनी मोजक्या ठेवल्या. डिझेलला मात्र टर्बोशिवाय गत्यंतरच नव्हते. १९८९ मध्ये औडी १०० ही गाडी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या थेट फवारणीचे २.५ लिटर, १२० अश्वशक्तीचे टीडीआय हे टर्बो डिझेल इंजिन घेऊन आली. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल आले. त्यात सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून प्रचंड दाबाने इंधन मिळते आणि फवारणीची वेळ संगणक ठरवतो. इथे ट्यूनिंगचे स्वरूपच बदलले. जुना मेकॅनिक पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवायचा. हवा तेवढीच असल्याने गाडी धूर ओकायची. आता संगणकातील आकडे बदलून टर्बोचा दाब आणि इंधन एकत्र वाढवता येऊ लागले. टर्बो डिझेलला असे रीमॅप करून पाव ते तिसरा हिस्सा शक्ती वाढणे नित्याचे झाले, कारण नॉकिंगची भिंत तिथे नव्हतीच आणि त्या दाबासाठी जाड घडवलेले भाग थोडा ताण सोसत. टर्बोविना पेट्रोल इंजिनात संगणक कितीही बदला, हवा वाढत नाही. म्हणून तिथे शेकडा पाच-सातच्या पुढे हाती काही लागत नसे.

भारतात हे असमान वाटप सर्वांत ठळक होते आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रातच घडला. औरंगाबादजवळच्या कारखान्यात २००१ पासून जुळणी होणाऱ्या स्कोडा ऑक्टाव्हियाचे १.९ लिटर टीडीआय इंजिन ९० अश्वशक्तीचे होते. तिच्याच टर्बोविना पेट्रोल गाडीत कागदावर शक्ती जास्त होती, तरी चालवणाऱ्याला डिझेलच दमदार वाटे, कारण दोन हजार फेऱ्यांच्या आतच तिचा टॉर्क हाताशी यायचा. पुढे पुण्याजवळ रांजणगावलाही बनलेले फियाटचे १.३ लिटर मल्टीजेट इंजिन कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत गेले. डिझेल स्वस्त ठेवण्याचे सरकारी धोरण तेव्हा चालूच होते. म्हणजे ज्या काळात भारतीय ग्राहकाने तुलना केली, त्या काळात त्याच्यासमोर जवळजवळ नेहमी एका बाजूला टर्बो डिझेल आणि दुसऱ्या बाजूला टर्बोविना पेट्रोल असे. त्याने पाहिले ते खरे होते, पण त्याची बरोबरी चुकीच्या जोडीत होती. एक मल्ल खुराकावर आणि दुसरा उपाशी ठेवून कुस्तीचा निकाल लावावा, तसे ते झाले.

यावर पहिला आक्षेप टॉर्कचा असतो. ट्यून केलेल्या डिझेलचा टॉर्क इतका मोठा की शक्तीचा आकडा गौण ठरतो, असे म्हणतात. सारख्या गाडीवर हे तपासता येते. पाचव्या पिढीच्या गोल्फमध्ये दोन लिटरची दोन इंजिने होती, दोन्हींना टर्बो. डिझेलचा टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, शक्ती १७० अश्वशक्ती. पेट्रोलचा टॉर्क २८०, शक्ती २००. टॉर्कच श्रेष्ठ असता तर डिझेल पुढे यायला हवे होते. पण शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला पेट्रोल गाडीने ७.२ सेकंद घेतले आणि डिझेलने ८.२. कारण सरळ आहे. चाकापर्यंत पोचणारा जोर गिअर ठरवतात. डिझेलच्या फेऱ्या लवकर संपतात म्हणून तिला लांब गिअर द्यावे लागतात आणि इंजिनाने कमावलेला जादा टॉर्क तिथेच खर्ची पडतो. मोठ्या टॉर्कचा लाभ खरा आहे, पण तो गिअर न बदलता ओढण्याचा, घाटाचा आणि ओझ्याचा लाभ आहे. त्याला सोय म्हणावे. शर्यतीतला वेग ही वेगळी वस्तू आहे.

दुसरा आणि अधिक वजनदार आक्षेप ल मान्सचा. फ्रान्समधल्या या २४ तासांच्या शर्यतीत २००६ साली औडीची आर-१० टीडीआय जिंकली आणि तिथून २०१४ पर्यंत सलग नऊ वर्षे डिझेल गाड्याच पहिल्या आल्या. त्यात २००९ चे यश प्यूजोचे, बाकी सर्व औडीचे. या विजयामागची अभियांत्रिकी थोर होती, हे निर्विवाद आहे. पण नियमही वाचले पाहिजेत. टर्बो पेट्रोलला तिथे चार लिटरची मर्यादा होती, डिझेलला साडेपाच लिटरची. २०११ मध्ये इंजिने लहान केली तेव्हाही टर्बो पेट्रोलला दोन लिटर आणि डिझेलला ३.७ लिटर मिळाले. आकाराची ही सूट १९५२ च्या सुटीचीच पुढची आवृत्ती होय. आयोजकांना डिझेल गाड्या मैदानात हव्या होत्या आणि समान आकारात त्या टिकणार नाहीत हे ठाऊक होते. ही सूट म्हणजेच डिझेलच्या कमी शक्तीची अधिकृत कबुली. २०१४ पासून इंजिनाचा आकार मोकळा सोडून प्रत्येक फेरीला मिळणारी ऊर्जा मोजली जाऊ लागली. पहिल्या वर्षी औडी जिंकली. नंतरची तिन्ही वर्षे पोर्शेने दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि विजेची जोड वापरून जिंकली. दोन्ही गाड्या हायब्रिड असल्याने या निकालाचे सगळे माप इंधनाच्या पदरात टाकणे योग्य होणार नाही. पण आकाराची सूट संपल्यावर दुसऱ्याच वर्षी मक्तेदारीही संपली, एवढे निश्चित.

तरीही डिझेलला कमी लेखणे अन्यायाचे होईल. १९३१ ची न थांबलेली गाडी हीच त्याची खरी ओळख आहे. जास्त दाबणूक, जादा हवा आणि दर लिटरमागे पेट्रोलहून सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा, यांमुळे तेवढ्याच टाकीत ते लांब जाते. शर्यतीत कमी थांबणे आणि रस्त्यावर चांगले ॲव्हरेज, हे त्याचे स्वतःचे कर्तृत्व. त्यासाठी टर्बोचे उपकार लागत नाहीत. मात्र काटकसरीच्या या इंजिनावर पेट्रोलचा वेग लादू गेल्याची किंमतही मोजावी लागली. जादा हवेत आणि तापमानात नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात आणि इंधन वाढवले की काजळी. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनची लबाडी उघड केली. चाचणीच्या वेळीच धूर आवरणारी आज्ञावली जगभरातल्या सुमारे १.१ कोटी डिझेल गाड्यांत बसवली होती. वेग, काटकसर आणि स्वच्छ धूर ही तिन्ही वचने स्वस्तात पाळता येत नाहीत, हे त्या दिवशी कागदोपत्री सिद्ध झाले. खासगी रीमॅपलाही हाच न्याय लागू होतो. आपल्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

आपल्याकडे सारख्या अटींवरची तुलना शेवटी पुण्याजवळच झाली. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटीची दोन रूपे बाहेर पडली, दोन्ही टर्बोची, दोन्ही १०५ अश्वशक्तीची. ती शक्ती काढायला डिझेलला १.६ लिटर लागले, पेट्रोलला १.२ लिटर. डिझेलचा टॉर्क २५०, पेट्रोलचा १७५. दोघांचे स्वभाव त्या आकड्यांत पूर्ण सामावले आहेत: एकाकडे ओढ, दुसऱ्याकडे लहान आकारातली शक्ती. १ एप्रिल २०२० पासून धुराचे भारत स्टेज ६ हे निकष लागू झाले आणि अनेक कंपन्यांनी लहान गाड्यांतले डिझेल बंद केले. त्यामुळे ही शर्यत आता आपल्या रस्त्यांवरून जवळजवळ संपली आहे. तिचा निकाल लिहायचा तर तो असा लिहावा: शक्ती टर्बोने दिली, सवलत नियमांनी दिली, आणि डिझेलने स्वतःच्या बळावर जिंकलेली एकमेव शर्यत लांब पल्ल्याची होती.